स्ट्रॅटेजी गेमचा रिप्ले: फाइल वाचवण्यापासून व्हिडिओ तयार होईपर्यंत

मॅच संपते, रिप्ले जपून ठेवला जातो आणि दोन महिन्यांनी उघडायला जावं तर गेम सांगतो की ही फाइल चालणार नाही. कधी ती चालते, पण मॅच जिंकलेला खेळाडू रिप्लेमध्ये हरताना दिसतो. कधी तासभर रेकॉर्डिंग करून हाती येतो काळा पडदा आणि त्यामागे माइकची खरखर. यातल्या बहुतेक तक्रारींच्या मुळाशी एकच गैरसमज असतो: रिप्ले म्हणजे व्हिडिओ.

रिप्लेत चित्र नसतंच. नकाशा कोणता, कोण कुठल्या बाजूने खेळलं, गेम ज्यावरून फासे टाकतो तो यादृच्छिक (रँडम) आकडा कुठून सुरू झाला, आणि कोणत्या क्षणी कोणी काय हुकूम दिला याची लांबलचक यादी, एवढाच त्या फाइलचा ऐवज. ती उघडली की गेम अख्खी मॅच तुमच्या संगणकावर नव्याने खेळून दाखवतो. म्हणून अर्ध्या तासाची मॅच काहीशे किलोबाइट ते काही मेगाबाइटमध्ये मावते. आणि म्हणूनच गेमची आवृत्ती बदलली की घोटाळा होतो. हुकूम तेच राहतात, त्यांचा परिणाम बदलतो. तिसऱ्या मिनिटाला निसटलेला स्काउट (टेहळ्या) आता मरतो आणि पुढचे दहा मिनिटांचे हुकूम त्या मेलेल्या स्काउटला दिले जातात.

एवढं लक्षात ठेवलं की खालचा क्रम आपोआप पटतो. हा क्रम मोडू नका, विशेषतः दुसरा टप्पा गाळून थेट रेकॉर्डिंगला बसू नका.

## १. मॅच संपताच फाइल वाचवा

रिप्ले आपोआप जतन होतो की नाही, हे प्रत्येक गेममध्ये वेगळं असतं आणि इथेच पहिली चूक होते.

स्टारक्राफ्ट टू मध्ये आपोआप जतन करण्याचा पर्याय आहे, तो चालू आहे ना ते एकदा पाहून घ्या. फाइली डॉक्युमेंट्समधल्या स्टारक्राफ्ट टू फोल्डरात, अकाउंट्सच्या आत, आकडी नावांच्या फोल्डरांखाली, रिप्लेज आणि मग मल्टिप्लेअर अशा खोलवर असतात. एज ऑफ एम्पायर्स टू डेफिनिटिव्ह एडिशन डॉक्युमेंट्समध्ये काहीच ठेवत नाही. त्याच्या फाइली विंडोजच्या वापरकर्त्याच्या फोल्डरात 'गेम्स' नावाच्या फोल्डरात मिळतात: त्यात गेमचं फोल्डर, त्यात लांब आकड्याचं फोल्डर, त्यात 'सेव्हगेम'. लोक डॉक्युमेंट्समध्ये शोधून थकतात आणि रिप्ले गेलाच असं समजतात.

वॉरक्राफ्ट थ्री आणि कंपनी ऑफ हीरोज टू इथे जास्त जपायला हवं. वॉरक्राफ्ट शेवटची मॅच 'लास्टरिप्ले' नावाने ठेवतो, कंपनी ऑफ हीरोज 'टेम्प' नावाने. तुम्ही नाव देऊन वेगळी ठेवली नाही, तर पुढची मॅच तिच्यावर लिहिली जाते. निकालाच्या पडद्यावरून घाईने 'पुन्हा खेळा' दाबलं की आधीची मॅच गेलीच म्हणायची.

झीरो ए.डी. मध्ये एका मॅचची एक फाइल नसते, एक फोल्डर असतं: हुकुमांची मजकूर-फाइल आणि तिच्यासोबत तपशिलाची फाइल. कुणाला पाठवायचं तर अख्खं फोल्डर झिप करून पाठवा.

नाव देताना तारीख, नकाशा, दोन्ही बाजू आणि गेमची आवृत्ती, या चार गोष्टी नावात आल्याच पाहिजेत. आवृत्तीचा आकडा लोक हमखास विसरतात, आणि सहा महिन्यांनी नेमका तोच लागतो. तो मुख्य मेनूच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात असतो. नावात रोमन अक्षरं, आकडे आणि अधोरेषा एवढंच ठेवा. काही जुन्या गेमना देवनागरी अक्षरं किंवा विरामचिन्हं असलेली नावं पचत नाहीत.

आणखी एक: निकालाच्या पडद्याचा स्क्रीनशॉट घ्या. विजेता, मॅचचा कालावधी आणि अंतिम गुण त्यात दिसले पाहिजेत. याचा उपयोग पुढच्याच टप्प्यात आहे.

तपासा: फाइल मूळ फोल्डराबाहेर दुसऱ्या जागीही आहे का? गेम काढून पुन्हा बसवताना मूळ फोल्डर उडू शकतं.

## २. रिप्ले खरा आहे याची खात्री करा

फाइल उघडली आणि सुरू झाली म्हणजे ती बरोबर आहे, असं होत नाही. काही गेम चुकीच्या आवृत्तीतही फाइल आज्ञाधारकपणे चालवत राहतात, फक्त मॅच वेगळी घडते.

आधी आवृत्ती पाहा. स्टारक्राफ्ट टू याबाबतीत सोयीचा आहे: जुन्या रिप्लेला जी जुनी आवृत्ती लागते तिचा डेटा तो स्वतः उतरवून घेतो. त्यामुळे पहिल्या वेळी उघडायला बराच वेळ लागला तर तो बिघाड नव्हे, थांबा. बाकी बऱ्याच गेममध्ये ही सोय नाही. एज ऑफ एम्पायर्स टू मध्ये मोठा पॅच, म्हणजे गेमचं अपडेट, आला की आधीचे रिप्ले सहसा निकामी होतात. म्हणून ज्या मॅचचा व्हिडिओ करायचाच आहे, तिचं रेकॉर्डिंग पुढच्या पॅचच्या आधी उरका. 'सवडीने करू' या शब्दांनी जितके रिप्ले बुडाले तितके हार्ड डिस्क बिघडूनही बुडाले नसतील.

पॅच दाराशी आला असेल तर स्टीमवर (गेम विकत घेण्याच्या आणि चालवण्याच्या प्रोग्रॅममध्ये) गेमच्या गुणधर्मांमध्ये जाऊन 'गेम सुरू करतानाच अपडेट करा' असा पर्याय निवडा आणि स्टीम ऑफलाइन करून मग गेम उघडा. ऑनलाइन मॅच खेळायला गेलात की अपडेट घ्यावंच लागतं, म्हणून आधी रेकॉर्डिंग, मग खेळ.

मग मॉड, म्हणजे मूळ गेममध्ये वरून घातलेले बदल. मॉड दोन जातींचे असतात. नुसता देखावा बदलणारे, म्हणजे लहान झाडं, ठळक सोन्याच्या खाणी, वेगळे आवाज, हे रिप्लेला धक्का लावत नाहीत. युनिटची (सैनिक, कामगार वगैरेंची) किंमत, ताकद, वेग असे आकडे बदलणारे मॉड मात्र मॅचच्या वेळी जसे होते तसेच लागतात, एकही कमी नको, एकही जास्त नको. दुसऱ्याने पाठवलेला रिप्ले बिघडला तर संशय आधी इथे घ्या. वॉरक्राफ्ट थ्री मध्ये खास बनवलेल्या नकाशावरची मॅच असेल, तर तो नकाशाही हवा आणि तोही त्याच आवृत्तीचा.

आता खरी परीक्षा. रिप्ले सर्वांत जास्त वेगाने, शेवटपर्यंत पळवा. संपला की स्क्रीनशॉटशी ताडून पाहा: विजेता तोच, कालावधी तोच, गुण तेच. तिन्ही जुळले तर रिप्ले शाबूत आहे.

सावध: रिप्ले तुटल्याची ओळख सोपी आहे. कामगार भिंतीला नाक लावून उभे राहतात, इमारती अर्धवट सोडल्या जातात, सैन्य मोकळ्या रानात फेऱ्या मारतं, दोन्ही बाजू एकाएकी अडाणी झाल्यासारख्या वागतात. असं दिसलं की थांबा. असा रिप्ले पुढे जाऊन सावरत नाही. एक हुकूम चुकला की त्याच्या मागून येणारे सगळे चुकतात.

## ३. तीन फेऱ्यांत पाहा

एकदा पाहून सगळं टिपायचा प्रयत्न केला की हाती फक्त लढाया लागतात. मॅच हरण्याचं कारण बहुतेक वेळा लढाईत नसतं, तिच्या दोन-तीन मिनिटं आधी असतं.

पहिली फेरी, आपल्या नजरेतून. दृष्टी 'सर्व खेळाडू' वर न ठेवता फक्त एका खेळाडूची निवडा, म्हणजे फॉग ऑफ वॉर (नकाशाचा झाकलेला, न दिसणारा भाग) त्याला दिसत होता तसाच दिसेल. हा टप्पा जवळपास सगळेच गाळतात. अख्खा नकाशा उघडा ठेवून पाहिलं की 'इथे तर समोरून सैन्य येतंय, हा मागे का फिरला नाही?' असा शहाणपणा सुचतो. त्या खेळाडूला ते सैन्य दिसतच नव्हतं. त्याला त्या क्षणी काय ठाऊक होतं आणि त्यावरून त्याने घेतलेला निर्णय बरा होता का, एवढंच या फेरीत पाहायचं. वेग दुप्पट ठेवला तरी चालतो.

दुसरी फेरी, अर्थव्यवस्था. आता सगळा नकाशा उघडा, आणि लढायांकडे चक्क दुर्लक्ष करा. नजर ठेवायची ती कामगारांची संख्या, पडून राहिलेला माल, रिकामी बसलेली इमारत आणि सप्लाय ब्लॉक (घरं किंवा सप्लाय कमी पडल्याने अडलेलं उत्पादन) यांवर.

आकडा हाताशी असला की ही फेरी पटकन उरकते. एज ऑफ एम्पायर्स टू मध्ये एक व्हिलेजर (कामगार) तयार व्हायला २५ सेकंद लागतात आणि ते टाउन सेंटर या मुख्य इमारतीत तयार होतात. सर्वसाधारण संस्कृतीची सुरुवात ३ व्हिलेजरांनी होते. २१ व्हिलेजर आणि लूम (टाउन सेंटरमध्येच होणारं एक संशोधन) झाल्यावर फ्यूडल एज (पुढचं युग) दाबायचं असेल, तर १८ व्हिलेजरांचे ४५० सेकंद आणि लूमचे २५, मिळून ४७५ सेकंद, म्हणजे ७ मिनिटं ५५ सेकंद. रिप्लेत ते ८:४० ला दाबलेलं दिसलं, तर टाउन सेंटर ४५ सेकंद रिकामं बसलं होतं, म्हणजे जवळजवळ दोन व्हिलेजर जन्मालाच आले नाहीत. आता मागे जाऊन ते ४५ सेकंद नेमके कुठे गेले ते शोधा: घर बांधायला उशीर झाला, अन्न संपलं, की स्काउट हाकण्याच्या नादात रांग रिकामी राहिली. तीन कारणं, तिन्हींचे उपाय वेगळे.

स्टारक्राफ्ट टू मध्ये असाच एक टेकू आहे. एका बेसवर (तळावर) खनिजाचे ८ ढीग असतात, प्रत्येकावर २ कामगार, म्हणजे १६. गॅसच्या दोन जागा, प्रत्येकीवर ३, म्हणजे ६. एका बेसला २२, तीन बेसना ६६. हा आकडा कितव्या मिनिटाला गाठला आणि समोरच्याने कितव्या मिनिटाला, या दोन वेळा शेजारी लिहिल्या की अर्धं विश्लेषण तिथेच होतं.

सावध, घड्याळ फसवतं. एज ऑफ एम्पायर्स टू च्या ऑनलाइन मॅचमध्ये नेहमीचा वेग १.७ असतो, म्हणजे गेममधलं घड्याळ खऱ्या घड्याळापेक्षा १.७ पट पळतं. गेममध्ये ३४ मिनिटं दिसली तर प्रत्यक्षात २० झालेली असतात. स्टारक्राफ्ट टू चं घड्याळ २०१५ मध्ये लेगसी ऑफ द व्हॉइडपासून खऱ्या वेळेवर आलं, त्याआधीचं १.४ पट धावायचं. जुन्या बिल्ड ऑर्डरमध्ये (काय कधी बांधायचं याच्या यादीत) १०:०० लिहिलं असेल तर ते आजच्या घड्याळात सुमारे ७:०९ असतं. हे न कळल्याने कित्येक जण स्वतःला उगीच ढिले समजतात, नाहीतर उगीच चपळ.

तिसरी फेरी, निर्णायक क्षण. मॅच जिथे फिरली असं वाटतं तिथे थांबा आणि तिथून तीन मिनिटं मागे जा. मग सावकाश वेगाने पुढे या. कोणाचं सैन्य कुठून आलं, कोणतं अपग्रेड पूर्ण झालेलं होतं, लढाई सुरू झाली तेव्हा कोण आपल्या बेसवर बघत होता. खेळाडूचा कॅमेरा पाठलागावर ठेवण्याची सोय असेल तर ती इथे वापरा. डोळे कुठे होते ते कळतं.

मागे जाण्याची सोय प्रत्येक गेममध्ये नसते. स्टारक्राफ्ट टू मध्ये आहे. वॉरक्राफ्ट थ्री मध्ये मागचं पाहायचं तर रिप्ले पहिल्यापासून लावून पळवावा लागतो. यात आश्चर्य काही नाही: मॅच पुन्हा घडत असते, आणि घडलेलं उलटं चालवता येत नाही, फक्त मधल्या टप्प्यांवर स्थिती साठवून ठेवलेली असेल तर तिथून पुन्हा सुरू करता येतं. अशा गेममध्ये दुसऱ्या फेरीतच वेळा लिहून ठेवा, नाहीतर तोच वीस मिनिटांचा पल्ला चार वेळा तुडवावा लागेल.

## ४. रेकॉर्डिंगआधी वेळांची यादी करा

कागदावर किंवा साध्या मजकूर-फाइलीत चार रकाने पुरतात: गेममधली वेळ, नकाशावरची जागा, काय दाखवायचं, कोणाची दृष्टी. वीस मिनिटांच्या मॅचला १० ते १५ ओळी बस्स. त्याहून जास्त झाल्या तर तुम्ही निवड केलेली नाही, उतारा काढला आहे.

यादीत पुढची घटना आधी माहीत असल्याचा फायदा घ्या. लपून येणारी तुकडी ४:१० ला बेसवर धडकणार असेल, तर ३:५५ ला कॅमेरा तिच्यावर नेऊन ठेवा. बघणाऱ्याला हल्ल्याची चाहूल लागली पाहिजे. हल्ला झाल्यावर धावत पोचणारा कॅमेरा रिप्लेत शोभत नाही, थेट प्रक्षेपणात एक वेळ चालेल.

## ५. गेमची तयारी

पार्श्वसंगीत शून्यावर आणा, बाकी आवाज राहू द्या. संगीत चालू असलं की संपादनात जिथे जिथे तुकडा कापाल तिथे तिथे गाणं दचकतं, आणि मग कापाकापी लपत नाही. लढाईचे आवाज मात्र कापले तरी खटकत नाहीत.

पडद्यावरच्या आकड्यांचा आणि मिनिमॅपचा आकार वाढवा, गेममध्ये ती सोय असेल तर. तुमच्या मोठ्या पडद्यावर साफ दिसणारा लाकडाचा आकडा फोनवर माशीएवढा होतो, आणि व्हिडिओ दाबून लहान (कॉम्प्रेस) केला गेला की आधी तोच पुसट होतो.

फ्रेमची (सेकंदाला दिसणाऱ्या चित्रांची) कमाल मर्यादा ६० ठेवा. मर्यादा नसेल तर ग्राफिक्स कार्ड सगळी ताकद गेमला देतं आणि रेकॉर्ड करणाऱ्या प्रोग्रॅमला चित्र जुळवायला काही उरत नाही. पडदा 'विंडोड फुलस्क्रीन' प्रकारात ठेवला की दुसऱ्या खिडकीत जाता-येता त्रास होत नाही. विंडोजच्या आणि गप्पांच्या प्रोग्रॅमच्या सूचना बंद करा.

तपासा: रिप्लेत खेळाडूंच्या गप्पाही जतन असतात. दुसऱ्याच्या मॅचचा व्हिडिओ करताना त्यांची परवानगी घ्या, आणि गप्पांत काही खासगी असेल तर गप्पांचा भाग लपवा किंवा संपादनात झाका.

## ६. ओबीएसची मांडणी

इथे ओबीएस स्टुडिओ हा पडदा रेकॉर्ड करणारा प्रोग्रॅम धरून चाललो आहोत. तो मोफत आहे आणि विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतो. विंडोजचा गेम बार तातडीच्या वेळी कामाला येतो, विंडोज, ऑल्ट आणि आर या कळा एकत्र दाबल्या की झालं, पण त्याच्या रेकॉर्डिंगमध्ये फ्रेमचा दर वरखाली होतो आणि काही संपादन-प्रोग्रॅममध्ये आवाज चित्रापासून हळूहळू सरकत जातो. लांब व्हिडिओला तो नको.

आधी एक नावाचा गोंधळ निस्तरू. ओबीएसमध्ये 'रिप्ले बफर' नावाचं बटण आहे. त्याचा गेमच्या रिप्लेशी काही संबंध नाही. ते पडद्यावरचे शेवटचे काही सेकंद स्मृतीत धरून ठेवतं आणि कळ दाबल्यावर तेवढेच जतन करतं. आपल्याला साधं रेकॉर्डिंग हवं आहे.

चित्र. मूळ आणि अंतिम, दोन्ही मापं १९२० × १०८०, दर ६० फ्रेम. संगणक अशक्त असेल तर मापाला हात न लावता दर ३० करा; स्ट्रॅटेजी गेममध्ये हालचालीच्या मऊपणापेक्षा बारीक तपशील मोलाचा.

फाइलचा प्रकार. एमकेव्ही ठेवा. साध्या एमपी४ मध्ये रेकॉर्डिंग चालू असताना संगणक बंद पडला तर पूर्ण फाइल वाया जाते. एमकेव्हीत तोवरचं सगळं राहतं. संपादनाला एमपी४ हवं असेल तर ओबीएसच्या फाइल मेनूतला 'रीमक्स' पर्याय काही सेकंदांत फाइलचं बाहेरचं वेष्टन तेवढं बदलून देतो, दर्जा जराही न गमावता.

दर्जा. आउटपुटच्या सेटिंगमध्ये 'अॅडव्हान्स्ड' निवडा आणि 'रेकॉर्डिंग' या भागात जा. ग्राफिक्स कार्डाचा एन्कोडर (चित्र दाबून व्हिडिओ बनवणारा भाग) असेल तर तोच घ्या, कारण प्रोसेसर आधीच मॅच नव्याने खेळण्यात गुंतलेला असतो. दर नियंत्रणात सीबीआर (कायम एकच बिटरेट) घेऊ नका. त्यात शांत बेसलाही तेवढेच बिट आणि दोनशे युनिटांच्या लढाईलाही तेवढेच. शांत जागी उधळपट्टी, लढाईत उपासमार. एनव्हीडियाच्या एन्कोडरला सीक्यूपी, एक्स२६४ ला (प्रोसेसरवर चालणाऱ्या एन्कोडरला) सीआरएफ, या दर्जा धरून चालणाऱ्या पद्धती निवडा आणि आकडा २० ठेवा. १८ ते २३ हा वापरातला पट्टा आहे. आकडा लहान, चित्र चांगलं, फाइल मोठी.

जागा. सेकंदाला सरासरी २० मेगाबिट धरले तर मिनिटाला १५० मेगाबाइट आणि तासाला ९ गिगाबाइट होतात. लढाया दाट असल्या की सरासरी वर जाते, म्हणून तासाभराच्या कामाला २० गिगाबाइट मोकळी ठेवा. डिस्क भरली की रेकॉर्डिंग मधेच थांबतं आणि तुम्ही मात्र बोलत राहता.

स्रोत. 'गेम कॅप्चर' घ्या, त्यात 'ठरावीक खिडकी' निवडून गेम दाखवा. चित्र काळं येत असेल तर दोन नेहमीची कारणं. गेम प्रशासकाच्या हक्काने चालतोय आणि ओबीएस साध्या हक्काने. तर ओबीएसही तसाच चालवा. किंवा लॅपटॉपमध्ये दोन ग्राफिक्स चिप आहेत आणि गेम एकीवर, ओबीएस दुसरीवर. तर विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमधल्या 'ग्राफिक्स' भागात दोघांनाही एकच चिप नेमून द्या. तरीही जमलं नाही तर 'विंडो कॅप्चर' वापरा.

माउसचा बाण दाखवायचा की नाही ते आत्ताच ठरवा. तुम्ही बोलताना बाणाने जागा दाखवणार असाल तर हवा, नाहीतर तो पडद्यावर माशीसारखा भिरभिरतो.

आवाज. सॅम्पल रेट ४८ किलोहर्ट्झ. ओबीएस आवाजाचे सहा ट्रॅक वेगवेगळे ठेवू शकतो, त्यातले तीन वापरा: पहिल्यावर सगळं मिळून, दुसऱ्यावर फक्त गेम, तिसऱ्यावर फक्त माइक. ही वाटणी 'अॅडव्हान्स्ड ऑडिओ' च्या खिडकीत होते, पण रेकॉर्डिंगच्या सेटिंगमध्येही त्या तीन ट्रॅकांवर खूण करावी लागते. एका ठिकाणी करून दुसरीकडे विसरणं हा या भागातला सर्वांत सामान्य प्रमाद.

माइकची पातळी अशी ठेवा की नेहमीच्या बोलण्यात मीटर पिवळ्या पट्ट्यात, म्हणजे उणे २० ते उणे ९ डेसिबलच्या मधे, खेळत राहील. लढाई रंगली की आवाज चढतोच. तरीही तो शून्याला भिडता कामा नये. फाटलेला आवाज नंतर शिवता येत नाही. पंख्याची घरघर असेल तर माइकवर 'नॉइज सप्रेशन' फिल्टर लावा.

सावध: गेमचा आवाज घुमल्यासारखा, दुहेरी येत असेल तर तो दोन वाटांनी आत येतोय: एकदा 'डेस्कटॉप ऑडिओ' तून, एकदा गेमच्या स्वतंत्र स्रोतातून. एक वाट बंद करा.

## ७. चाचणी, पण सुरुवातीवर नको

चाचणी घेतात सगळेच, पण घेतात मॅचच्या पहिल्या मिनिटावर. तिथे पडद्यावर मोजके कामगार असतात, कुठलाही संगणक ते पेलतो. तुमच्या यादीतली सर्वांत मोठी लढाई निवडा, रिप्ले तिथवर पळवा आणि ६० सेकंद रेकॉर्ड करा, बोलत बोलत.

त्या वेळी ओबीएसचा 'स्टॅट्स' फलक उघडा ठेवा. त्यात दोन आकडे महत्त्वाचे. 'रेंडरिंग लॅग' मुळे चुकलेल्या फ्रेम वाढत असतील तर ग्राफिक्स कार्डावर ताण आहे: गेमचा दर्जा, सावल्या, पाणी खाली आणा. 'एन्कोडिंग लॅग' मुळे गाळलेल्या फ्रेम वाढत असतील तर एन्कोडर कमी पडतोय: त्याचा प्रीसेट हलका करा किंवा ६० वरून ३० वर या. दोन्ही शून्य, तरी गेम अडखळतोय, तर दोष रेकॉर्डिंगचा नाही. प्रोसेसरलाच ती लढाई झेपत नाही. मग रिप्लेचा वेग एक पायरी खाली करा आणि संपादनात पूर्ववत करा. त्या तुकड्यापुरता गेमचा आवाज बिघडेल, तो बंद ठेवा.

तपासा: चाचणीची फाइल संपादन-प्रोग्रॅममध्येच उघडा. साधा प्लेअर एका वेळी एकच ट्रॅक ऐकवतो, त्यामुळे तिसरा ट्रॅक मुका आहे हे तिथे कळत नाही.

## ८. रेकॉर्डिंग

रिप्ले सुरू करून ०:०० ला थांबवा, दृष्टी आणि फलक हवे तसे लावा, रेकॉर्डिंग चालू करा, तीन सेकंद गप्प राहा, मग रिप्ले सोडा. ही तीन सेकंदांची शांतता खोलीतला आवाज स्वच्छ करताना नमुना म्हणून उपयोगी पडते.

वेग नेहमीचाच ठेवा. कंटाळवाणे भाग आठपट पळवून रेकॉर्ड करण्याचा मोह होतो, पण त्या वेगात प्रोसेसर मॅच घडवायलाच धापा टाकतो, फ्रेम गळतात आणि चित्र उड्या मारतं. सावकाश रेकॉर्ड करून संपादनात वेग वाढवलेला बरा दिसतो. मॅच फारच लांबलचक असेल तर त्या भागात रेकॉर्डिंग थांबवा, रिप्ले पळवा, पुन्हा सुरू करा. दोन फाइली झाल्या तरी काही बिघडत नाही.

कॅमेऱ्याचे नियम थोडे, पण कडक. मिनिमॅपवर टिचकी मारून उडी घेतली की नव्या जागी निदान तीन सेकंद थांबा. बघणाऱ्याला आपण कुठे आलो ते कळायला तेवढा वेळ लागतो. पडद्याच्या कडेला बाण नेऊन सरकवताना सरकण्याचा वेग कमी ठेवा. गवताचं बारीक पोत वेगाने सरकलं की व्हिडिओत त्याचा चिखल होतो. लढाई चालू असताना आकड्यांचे फलक उघडू नका, संपल्यावर लगेच उघडा. दोन ठिकाणी एकदम काही घडत असेल तर महत्त्वाचं एक दाखवा आणि दुसरं तोंडाने सांगा.

बोलणं त्याच वेळी करायचं की नंतर? ज्यांना सवय आहे त्यांनी त्याच वेळी करावं, त्यात जिवंतपणा असतो. बाकीच्यांनी आधी चित्र रेकॉर्ड करून, ते पाहत पाहत बोलणं वेगळं रेकॉर्ड केलेलं उत्तम. कॅमेरा हाकणं आणि वाक्य पूर्ण करणं ही दोन कामं एकत्र आली की दोन्ही अर्धवट होतात.

सावध: मधेच गडबडलात तर रेकॉर्डिंग बंद करू नका. रिप्ले थांबवा, दोन सेकंद गप्प बसा, वाक्य पुन्हा म्हणा, रिप्ले सोडा. ध्वनीच्या आलेखात ती सपाट जागा लांबूनच दिसते आणि कापायला सोपी जाते.

## ९. गेम बंद करण्याआधीची पडताळणी

गेम बंद न करता, रिप्ले तिथेच थांबलेला ठेवून रेकॉर्डिंगची फाइल पाहा: सुरुवातीचे, मधले आणि शेवटचे दहा-दहा सेकंद. चित्र आहे, तिन्ही ट्रॅक भरलेले आहेत, शेवटाकडे आवाज आणि चित्र जुळलेलं आहे. यादीतला एखादा प्रसंग निसटला असेल तर तेवढाच तुकडा आत्ता पुन्हा घ्या. उद्या घेऊ म्हणाल, आणि रात्रीतून अपडेट येईल.

मग रीमक्स, मग संपादन. १०८० आकाराचा व्हिडिओ यूट्यूबवर चढवताना ६० फ्रेमला सेकंदाला १२ मेगाबिट आणि ३० फ्रेमला ८ मेगाबिट असं त्यांचंच मार्गदर्शन आहे, एच.२६४ मध्ये त्याच्या आसपास किंवा थोडं वर ठेवा. मूळ एमकेव्ही व्हिडिओ चढून, पूर्ण प्रक्रिया होऊन, एकदा फोनवर पाहून झाल्यावरच काढून टाका. रिप्लेची मूळ फाइल मात्र कायम ठेवा, तिला जागा लागतेच किती.

चौथ्या टप्प्यातली यादी इथे पुन्हा कामाला येते: तिचेच व्हिडिओचे भाग (चॅप्टर) करा. यूट्यूबला पहिला भाग ०:०० पासून लागतो, निदान तीन भाग लागतात आणि प्रत्येक किमान १० सेकंदांचा. तिथे वेळ लिहायची ती व्हिडिओची, गेममधल्या घड्याळाची नव्हे, १.७ पट पळणाऱ्या घड्याळावरून उतरवलेल्या वेळा दिल्या तर शेवटचा भाग व्हिडिओ संपल्यानंतर सुरू होताना दिसेल.